नर्गिसचा चिल्ला

मार्च महिना आला की आम्हा शिक्षकांना मान वर करायला फुरसत नसते. दहावीच्या परीक्षेची ड्युटी, पेपर तपासणी, वार्षिक परीक्षेची तयारी. त्यामुळे काश्मीरचा बहार पाहणे आमच्या नशिबात नव्हते. आमची सुट्टी मे महिन्यात, आणि तोवर तिथली पहिली फुले येऊन, सुकून, पुन्हा जमिनीखाली निघूनही गेलेली असतात.

आम्ही नवरा-बायको दोघेही शिकवतो. वीस वर्षे वर्गात उर्दू कविता शिकवताना फळ्यावर नर्गिस, सोसन, सुंबुल, लाला असे शब्द लिहीत आलो आणि प्रत्येकासमोर एकच अर्थ देत आलो : 'एक प्रकारचे फूल'. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने हात वर करून विचारले, "चारही एक प्रकारचीच फुले असतील, तर शायरांनी चार नावे कशाला ठेवली? तुम्ही पाहिलीत का ती?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण नर्गिस म्हणजे माशूकचे डोळे, सुंबुल म्हणजे कुरळ्या बटा, लाला म्हणजे काळजावरचा डाग, हे शिकवणाऱ्याने यांपैकी एकही फूल डोळ्यांनी पाहिले नव्हते, ही गोष्ट मनाला लागली.

घरी हा किस्सा अम्मींना सांगितला. अम्मींना फुलांचे वेड. रत्नागिरीच्या आमच्या घराच्या मागच्या दारी त्यांनी मोगरा, अबोली, अनंत, जास्वंद लावलेली होती. त्या म्हणाल्या, "पोरीने बरोबर विचारलं. नर्गिसला वास कसा असतो ते तरी सांगा." आम्ही म्हणालो, "पुढच्या वर्षी तुम्हाला काश्मीरला नेतो, तुम्हीच घ्या वास." ते पुढचे वर्ष पाच वेळा आले आणि गेले. कधी रजा नव्हती, कधी पैसे नव्हते, शेवटी अम्मींचे गुडघे राहिले नाहीत. एका श्रावणात, भर पावसात, त्यांचा इंतकाल झाला. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

त्यानंतरच्या मार्चमध्ये आम्ही राहिलेल्या किरकोळ रजा गोळा केल्या, वरिष्ठांची बोलणी ऐकून घेतली आणि श्रीनगरला गेलो. रमजान अगदी जवळ आला होता. खरे सांगायचे तर ज्यांना न्यायचे होते त्या नव्हत्या, तरी गेलो.

पहिल्या दिवशी निराशाच झाली. चित्रात पाहिलेले काश्मीर कुठेच नव्हते. चिनार उघडेबोडके, रस्त्यावर चिखल, जबरवान डोंगराच्या माथ्यावर बर्फ आणि दल सरोवरावर राखाडी धुके. निशात बागेच्या वरच्या अंगाला एका वयस्कर जोडप्याच्या घरात आम्ही खोली घेतली होती. चाचा बागायत खात्यातून निवृत्त झालेले. चाचींनी मिठाची गुलाबी नून चाय आणि तंदूरमधली गरम रोटी पुढे ठेवली. मिठाचा चहा पहिल्या घोटाला घशाखाली उतरेना. तिसऱ्या दिवसापासून आम्ही मागून घेऊ लागलो. आम्ही विचारले, "चाचा, फुलं कुठे आहेत?" चाचांनी कांगडी फेरनच्या आत सरकवली आणि म्हणाले, "या, दाखवतो."

मागच्या अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली ओली काळी माती होती. त्यात बोटाच्या पेराएवढी हिरवी टोके वर आली होती, शेकड्यांनी. "ही नर्गिस. आम्ही हिला येंबरझल म्हणतो. आणखी चार-पाच दिवस थांबा."

त्या संध्याकाळी चाचांनी जे सांगितले ते आम्ही वहीत उतरवून घेतले. काश्मीरचा हिवाळा तीन भागांत मोजतात. २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलां, म्हणजे मोठा चिल्ला. मग २० दिवस चिल्लई खुर्द, धाकटा. मग १० दिवस चिल्लई बच्चा. एकूण ७० दिवस. चिल्ला हा शब्द फारसीतल्या चाळीसवरून आला. आपल्याकडे सूफी बुजुर्ग चाळीस दिवस एकांतात बसत, त्यालाही चिल्लाच म्हणतात. चाचा म्हणाले, "तुम्हाला वाटतं हिवाळ्यात बाग मरते. मरत नाही बेटा, चिल्ल्याला बसते."

ही नुसती शायरी नव्हती. त्यांनी कोठारातून एक जुना, फुटका कंद आणला आणि चाकूने उभा कापून दाखवला. कांद्यासारखेच पापुद्रे, आणि मधोमध नखाएवढा फिकट कोंब. त्या पापुद्र्यांत अन्न साठवलेले असते. पानांनी वसंतात उन्हातून जे कमावले ते खाली कंदात येते, आणि उन्हाळ्यात वरचे सगळे वाळून गेल्यावर पुढच्या वर्षाचे फूल आतमध्ये आकार घेऊ लागते. म्हणजे मार्चमध्ये उमलणारे फूल बर्फ पडण्याच्या आधीच तयार होऊन बसलेले असते. पण ते वर येण्यासाठी थंडी लागते. ट्युलिप आणि सुंबुल यांना साधारण १२ ते १५ आठवडे नऊ-दहा अंशांच्या खालची थंडी मिळाली नाही, तर देठ लांबत नाही आणि फूल पानांतच अडकून पडते. थंडी त्यांची दुश्मन नाही, घड्याळ आहे.

मग ही फुले इतक्या लवकर, बर्फ पुरता वितळायच्या आत का येतात? याचे उत्तर डोक्यावरच्या अक्रोडात होते. मे महिन्यात त्याला पाने आली की खाली गर्द सावली पडते. त्याच्या आधीच्या सहा-आठ आठवड्यांत ऊन थेट जमिनीपर्यंत पोचते, आणि बर्फाच्या पाण्याने माती ओली असते. या लहान झाडांना तेवढ्यातच फुलायचे, बी धरायचे आणि वर्षभराचे अन्न साठवायचे असते. उशीर केला तर उपाशी राहतील.

लागवडीची रीत चाचांनी बोटांवर मोजून सांगितली. कंद सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावायचे, जमीन गोठण्याआधी मुळे धरली पाहिजेत. कंदाच्या उंचीच्या दोन-तीन पट खोल, टोक वर. पाणी साचणारी जागा कधीच नको; चिकण माती असेल तर रेती आणि कुजलेले शेणखत मिसळायचे. ओळीत न लावता मूठभर कंद जमिनीवर टाकायचे आणि जिथे पडतील तिथेच पुरायचे, म्हणजे बाग रानातल्यासारखी दिसते. "आणि सर्वांत मोठी गोष्ट," चाचा म्हणाले, "फूल गेल्यावर पानं कापायची नाहीत. लोकांना वाळकी पानं घाण वाटतात, म्हणून ते साफसफाई करतात. मग पुढच्या वर्षी विचारतात, फूल का आलं नाही. अरे, तुम्ही त्याच्या ताटातलं अन्न काढून घेतलंत!" चाचींनी आतून पुस्ती जोडली, "आणि उंदीर! उंदरांचं कोण सांगणार?"

तिसऱ्या दिवशी ऊन पडले. चाचांनी आम्हाला घरामागच्या उतारावर नेले. तिथे मेलेल्या गवतातून, एकाही हिरव्या पानाच्या आधाराशिवाय, पिवळीधमक फुले थेट मातीतून वर आलेली. जेमतेम बोटभर उंची. जवळच सावलीत बर्फाचा मळकट तुकडा पडला होता. या फुलाला विरकुम म्हणतात. हिवाळा संपल्याची पहिली खबर हेच देते. आम्ही कौतुकाने हात लावणार, तोच चाचा म्हणाले, "पाहा, पण तोंडात घालू नका." याच्या कंदाला युनानी हकीम सुरंजान म्हणतात. सांधेदुखीच्या औषधात तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला, आणि आजची डॉक्टरी गाऊटसाठी देते ते कोल्चिसिन याच्या जातीच्या कंदांतून मिळते. पण हेच द्रव्य जरा जास्त झाले तर जीव घेते. अम्मींच्या गुडघ्यांसाठी हकीमसाहेबांनी दिलेल्या पुडीवर 'सुरंजान' लिहिलेले आम्ही कितीदा वाचले होते! तो शब्द इथे फूल होऊन समोर उभा होता.

एक दिवस पांपोरला गेलो. केशराचे मळे उंच सपाट पठारांवर आहेत, त्या पठारांना करेवा म्हणतात. मार्चमध्ये तिथे गवतासारखी बारीक पाने सोडली तर काही नव्हते. केशराचा कंद याच खानदानातला, पण त्याचे वेळापत्रक उलटे : फूल ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाने हिवाळाभर, आणि उन्हाळ्यात झोप. एक किलो केशरासाठी सुमारे दीड लाख फुले खुडावी लागतात, हे ऐकल्यावर ईदच्या शीरखुर्म्यात चिमूटभर केशर टाकताना आमचा हात आता जरा जपून जातो.

वाटेत एक कब्रस्तान लागले. कबरी कच्च्या, मातीच्या, आणि प्रत्येक कबरीवर तलवारीच्या पात्यासारखी हिरवी पाने पंख्यासारखी उभी. आम्ही विचारले, "हे काय लावलंय?" चाचा म्हणाले, "सोसन. एप्रिलमध्ये या, पूर्ण कब्रस्तान जांभळं-पांढरं होतं." फळ्यावरचा तिसरा शब्द असा भेटला. सोसनची गड्ड्यासारखी मुळे जमिनीत आडवी पसरतात आणि मातीला धरून ठेवतात, त्यामुळे पावसात कबर वाहून जात नाही. चाचा एका कबरीपाशी थांबले. ती त्यांच्या आईची होती. त्यांनी फातिहा पढली, आम्हीही पढली. मग त्यांनी पानांतले वाळके गवत उपटले आणि सहज म्हणाले, "मी फक्त एकदाच लावलं होतं. चाळीस वर्षं झाली."

आम्हाला त्या वेळी आमच्या अम्मींची कबर आठवली. तिच्यावर आम्ही अजून काही लावले नव्हते. कबरीवर काय करावे, काय करू नये, याबद्दल घरोघरी वेगवेगळी मते असतात, आणि त्या वादात आम्हाला पडायचे नाही. रसूलुल्लाह ﷺ यांनी दोन कबरींवर खजुराची ओली डहाळी लावल्याची हदीस सर्वांना ठाऊक आहे. आम्हाला एवढेच वाटले, जिला नर्गिसचा वास घ्यायचा होता तिच्यापाशी नर्गिस लावावी.

पाचव्या दिवशी फजरनंतर चाचींनी दार वाजवले. अक्रोडाखाली नर्गिस उमलली होती. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळी वाटी, मान किंचित झुकलेली. शायरांनी तिला डोळा का म्हटले, ते समजावून सांगायची गरज उरली नाही. वाकून वास घेतला. गोड, थोडा उग्र, मोगऱ्याहून जड. चाचींनी येंबरझलची गोष्ट सांगितली : भुंगा तिच्यावर आशिक, पण ती येते बर्फाच्या टोकाला, आणि भुंगा निघतो ऊन तापल्यावर, तो पोचेपर्यंत ती निघून गेलेली असते. दीनानाथ नादिम यांनी १९५३ साली याच गोष्टीवर 'बोंबुर त येंबरझल' ही काश्मिरी संगीतिका लिहिली. चाची हसत सांगत होत्या. आम्हाला मात्र हसू आले नाही. उशिरा पोचणे काय असते हे आम्हाला माहीत होते.

फळ्यावरचा राहिलेला शब्द लाला. परतण्याच्या आदल्या दिवशी जबरवानच्या पायथ्याची ट्युलिप बाग उघडली. सुमारे तीस हेक्टरांत रंगांचे पट्टे, बांधांवर सुंबुलच्या निळ्या-गुलाबी तुऱ्यांचा घमघमाट, आणि माणसांची झुंबड. कंद बहुतेक हॉलंडहून आणलेले. गंमत अशी की हॉलंडला हे फूल मुळात पूर्वेकडून गेले. तुर्कस्तानातून ते युरोपात पोचले आणि क्लुसिअस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५९३ साली लायडनच्या बागेत लावले. तुर्कांना लाला प्यारा असण्याचे एक कारण अक्षरांत आहे. अबजदच्या हिशोबाने 'अल्लाह', 'लाला' आणि 'हिलाल' या तिन्ही शब्दांत तीच अक्षरे येतात आणि तिन्हींची बेरीज ६६ होते. आम्ही हे मुलांना आता फळ्यावर करून दाखवतो.

पण आमच्या मनात बागेपेक्षा जास्त भरली ती जुन्या छपरांची गोष्ट. १६२० च्या वसंतात जहांगीर बादशहा काश्मीरला आला. त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की इथले लोक लाकडी घरांच्या छपरांवर माती पसरून लालाचे कंद लावतात आणि दर वसंतात छपरे फुलतात. आपला चित्रकार उस्ताद मन्सूर याच्याकडून त्याने काश्मीरची शंभरावर फुले काढून घेतली. त्यांतले लालाचे एक चित्र अलिगढच्या मौलाना आझाद ग्रंथालयात जपलेले आहे. बादशहाची बाग पाहायला तिकीट लागते. छपरावरची बाग गरिबाची होती.

निघताना आम्ही नर्गिसचे कंद मागितले. चाचा म्हणाले, "आता उपटलं तर मरेल. जूनमध्ये पानं पिवळी झाली की काढून पाठवतो. पण बेटा, तुमचा मुलुख समुद्राचा. फार आशा ठेवू नका."

जुलैत खोक्यातून बारा कंद आले, प्रत्येक कागदात गुंडाळलेला. बाहेर आमचा कोकणचा पाऊस धो धो कोसळत होता. उन्हाळ्यात कंदाला कोरडी झोप लागते. आमच्या घरात तर मिठाच्या बरणीला पाणी सुटत होते. पाच कंद बुरशी येऊन मऊ पडले. उरलेले सात सप्टेंबरमध्ये फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले. नर्गिसच्या काही जाती थंडीवाचूनही फुलतात, पण ही कोणती ते नक्की ठाऊक नव्हते, म्हणून चिल्ला करून घेतला. आमचा मुलगा रोज विचारायचा, "दादीच्या फुलांचा चिल्ला संपला का?" आमची एक चूक मागाहून कळली. त्याच कप्प्यात सफरचंद आणि पेरू ठेवत होतो. पिकत्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि तो कंदातल्या कळीला मारतो. कंद ठेवायचेच असतील तर फळांपासून लांब, कागदी पिशवीत ठेवावेत, हे वाचकांनी आमच्या अनुभवातून घ्यावे.

डिसेंबरमध्ये कुंडीत लावले. पाने आली, हिरवीगार, टवटवीत. फेब्रुवारीत एका कंदाला एकच कळी आली. घरात जणू पाहुणा यायचा होता. त्याच आठवड्यात उकाडा सुरू झाला आणि कळी न उमलताच कागदासारखी वाळली. आम्ही ती दोन दिवस तशीच राहू दिली. मग चाचांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिला तिच्या मुलखात राहू द्या. तुमच्या मातीत तुमचं काही असेलच ना?"

आम्हाला वाटले, आमच्या मातीत म्हणजे जांभा दगड, त्यात काय असणार?

मृगाचा पाऊस सुरू होऊन काही दिवस झाले होते. अम्मींच्या कबरीवर जायला आम्ही सड्यावरच्या कब्रस्तानात गेलो. उन्हाळाभर तव्यासारखा तापलेला सडा हिरवा झाला होता. भिंतीच्या कडेला, कातळाच्या फटींत, सरळ देठांवर पांढरी लांबट फुले वाऱ्याने हलत होती. शाळेतल्या विज्ञानाच्या सहकाऱ्याला दाखवले तेव्हा तो म्हणाला, ही दीपकाडी, कोकणच्या सड्यांवरची, जगात दुसरीकडे कुठे होत नाही. हिलाही जमिनीत कंद असतो. आठ महिने ती कातळातल्या वीतभर मातीत, होरपळणाऱ्या उन्हाखाली झोपून असते आणि पाऊस येताच फुलते. काश्मीरचा कंद थंडीत चिल्ल्याला बसतो, आमचा उन्हात. चाळीस वर्षे आम्ही त्या वाटेने जनाज्यांबरोबर गेलो होतो, आणि एकदाही खाली पाहिले नव्हते.

सूरह रूममध्ये अल्लाहने मेलेल्या जमिनीला पुन्हा जिवंत करण्याकडे पाहायला सांगितले आहे, आणि त्याच आयतीत मेलेल्यांना उठवण्याची खबर आहे. लहानपणापासून तिलावत करत आलो. पाहायला सांगितले आहे, हे आमच्या आता लक्षात आले.

आम्ही दीपकाडी उपटून अम्मींच्या कबरीवर लावली नाही. ती दुर्मीळ आहे आणि जिथे आहे तिथेच तिने राहावे. कबरीवर आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे सब्जा पेरला. त्याचा वास अम्मींना आवडायचा. फुटकी भिंत दुरुस्त करायची टूम निघाली तेव्हा जमातीच्या मंडळींना एवढेच विनवले की, पावसाच्या तोंडावर त्या कडेला रेती-सिमेंट टाकू नका. त्यांनी मान्य केले. एक बुजुर्ग म्हणाले, "अरे, ही फुलं आम्ही लहानपणी पाहायचो, नाव कुणी विचारलं नाही."

त्या जुलैत सातवीच्या मुलांना घेऊन सड्यावर गेलो. प्रश्न विचारणारी ती मुलगी एव्हाना दहावी होऊन गेली होती. मुलांनी वह्यांत फुलाचे चित्र काढले आणि खाली नाव लिहिले. 'एक प्रकारचे फूल' असे कुणी लिहिले नाही.

कुंडीतले सात कंद अजून आहेत. दरवर्षी पाने येतात, फूल येत नाही. पाने पिवळी पडेपर्यंत आम्ही ती कापत नाही.